न जळलेली काडी

"घातला! बुवांनी हात घातला!"

ओतकामाच्या शेडमध्ये एकच गलका उठला आणि लगेच अशी शांतता पसरली, की भट्टीच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. अग्निबुवाने वितळलेल्या धातूच्या कढईत दोन बोटं बुडवली होती. बोटं वर आली ती जशीच्या तशी. चांदीसारखे थेंब त्यांच्यावरून घरंगळून परत कढईत पडले.

"या बोटांनाच विचारा!" बुवा गरजला. "काय रे बोटांनो, पोळलं का? नाही म्हणतात! अग्नी वेडा नाही, लेकरांनो. तो माणूस ओळखून जाळतो. पाप असेल तिथेच पेटतो!"

बोलणारी बोटं मी पहिल्यांदाच पाहत होते. पण हसायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्याच भट्टीवर, गेल्याच महिन्यात, धातू वितळवायची मूस उसळली आणि माझा दादा गेला होता.

बुवाने बांधलेल्या दोरीपलीकडे उभी असलेली माणसं काही अडाणी नव्हती. अॅल्युमिनियम ओतण्यात त्यांचे हात घट्टे पडून राठ झाले होते. पंख्यांची पाती, भांड्यांच्या मुठी, शिवणयंत्राची चाकं, सगळं तेच ओतत. पण त्यांची चूक त्यांच्या कामातूनच आली होती. लोखंड ओतणाऱ्यांसमोर बुवाची कढई ठेवली असती, तर ते म्हणाले असते, हा रस लाल का नाही? अॅल्युमिनियमचा रस मात्र दिवसाउजेडी लाल दिसत नाही, पाऱ्यासारखा पांढरा चमकतो. कढईत तसाच पांढरा रस दिसला आणि सगळ्यांनी तो आपलाच धरला.

"ज्याला आगीने नेलं," बुवाने आवाज खाली आणला, "तो पोरगा गुणी होता. पाप त्याचं नव्हतं. त्याच्या घरातल्या कोणाचं तरी होतं."

सगळ्या माना एकदम वहिनीकडे वळल्या. ती त्याच शेडमध्ये साच्यांसाठी वाळूचे गाभे करायची. हाताला वाळू तशीच लागलेली.

"उद्या सकाळी तिने भट्टीच्या मुशीत हात घालावा. मन निर्मळ असेल तर फूल उचलल्यासारखा वर येईल."

मला वाटलं, मिस्त्री तरी मध्ये पडेल. भट्टी त्याच्या हाताखाली, बुवाला बोलावणाराही तोच. पण तो जमिनीकडे बघत राहिला.

"घालते," वहिनी म्हणाली.

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलेच. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हाताचा कोळसा होईल!"

"होऊ दे, वन्सं."

"अगं, का पण?"

ती बोटांवरची वाळू झाडू लागली. "त्या दिवशी सकाळी भांडले होते मी. रुसून डबा न घेताच निघाले ते. मी मागून म्हणाले, परत तोंड दाखवू नका." तिने पदराने बोटं पुसली. "नाहीच दाखवलं त्यांनी. चेहरा झाकूनच आणलं. मला एकदा कळू दे, वन्सं. हात जळला तर जळू दे. निदान कळेल तरी."

आई भिंतीशी पाठ टेकून बसली होती. महिनाभर ती सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. दादा गेल्यावर घरी येऊन बुवाने तिला त्या कढईतल्या धातूची गोळी दिली होती, "पाण्यापासून जप" असं बजावून. ती रुमालाच्या गाठीत बांधून आई रात्रंदिवस मुठीत नाहीतर उशाशी ठेवायची.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पण त्या संध्याकाळी नुसतं काहीतरी करायचं म्हणून मी कढत पाण्याची बादली भरली आणि कपडे धुवायला बसले. आईच्या उशाशी पडलेले कपडे गोळा केले, त्यांच्याबरोबर रुमालही गेला.

रुमाल भिजला आणि गाठीतून काहीतरी चमकत निसटलं. बादलीच्या तळाशी चांदीचा थेंब थरथरत पळत होता.

"देव पळाला गं माझा!" आईने कपाळावर हात मारला.

"देव नाही, आई. धातू आहे. पितळी तपेल्यात गार पाणी आण."

गार पाण्यात तो थेंब पुन्हा घट्ट गोळी झाला. कढत पाण्यात पुन्हा रस. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम ठरावीक प्रमाणात एकत्र वितळवले की असा मिश्रधातू होतो. पाणी उकळण्याच्या कितीतरी आधीच तो पातळ होतो. शिवाय विषारी. मी आईला साबणाने हात धुवायला लावले. ती धूत राहिली आणि रडत राहिली.

सकाळी शेड भरली होती. भट्टीवर मूस आणि शेजारी, "अग्नीची आठवण म्हणून", बुवाची कढई. रात्री मी गोळी दाखवली होती, तरी "मला कळू दे" म्हणत वहिनीने बाही वर सारली. दादा मरेपर्यंत ज्या मुशीशी उभा असायचा, तिच्याच दिशेने ती निघाली.

मी दोरी ओलांडली. हातात लाकडाची एक कोरडी काडी होती. रस तयार झाला का ते बघायला दादा अशी काडी टेकवायचा, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मी ती बुवाच्या कढईत बुडवली आणि वर काढली.

धूरसुद्धा नाही.

"ताई, लाकडावरही माझी कृपा झाली!" बुवा हसला.

"मग ती कृपा या काडीवर राहू द्या." मी तीच काडी पुसली आणि लांब चिमट्याने मुशीतल्या रसाला टेकवली. भपकन पेटली.

मग मी पेल्यात शेडमधल्या चहाच्या किटलीतलं कढत पाणी ओतलं आणि आईच्या रुमालातली गोळी सगळ्यांसमोर त्यात टाकली. माणसं पुढे झुकली. गोळी वितळून तळाला पसरली.

"आता ठेवा वहिनीचा हात," मी म्हणाले, "पण आधी बुवांचा. या मुशीत."

बुवाने हात पाठीमागे नेला. तेवढं पुरे होतं. कोणीतरी मागून म्हणालं, "का हो बुवा, बोटं आज मुकी झाली का?"

मला हसू आलं नाही. मी मिस्त्रीकडे वळले. "काका, त्या दिवशी मुशीत काय टाकलं होतं?"

"भंगार. पाइपाचे तुकडे."

"भट्टीच्या कडेवर शेकून वाळवले होते?"

तो मुशीकडे बघत म्हणाला, "धुऊन ठेवलेले होते. घाई होती. मीच म्हणालो त्याला, टाक तसेच."

पाइपात अडकलेलं घोटभर पाणी रसाखाली गेलं. वाफ व्हायला त्याला हजार पटींहून जास्त जागा हवी होती. जागा मिळाली नाही, म्हणून त्याने रसच उडवला. पापाला तिथे शिरायला फटसुद्धा नव्हती. पण पापाचं नाव सांगितलं की भंगार शेकलं होतं का हे विचारायचं राहून जातं, आणि ते राहून गेलं की पुढच्या घरातला माणूस जातो.

वहिनीची बाही अजून वरच होती. "म्हणजे वन्सं," ती लहान मुलीसारखी म्हणाली, "माझ्या बोलण्याने नाही ना?"

"नाही गं. पाण्याने."

ती खाली बसली आणि महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने रडली. आई तिच्याजवळ गेली, तिचा वाळूचा हात उलटा-सुलटा करून बघितला, अख्खा आहे ना म्हणून. मग तो हात छातीशी धरून ती ओवीच्या जुन्या चालीत पुटपुटली,

"थेंबभर पाणी बाई, त्याला कुठं होतं ठाव,
कोणत्या दारावरचं पुसायचंय नाव."

आता त्या शेडमध्ये प्रत्येक तुकडा शेकूनच मुशीत जातो. ते काम वहिनी बघते. दादा त्याने परत येत नाही, ते तिलाही कळतं.

तुमच्याही गावात उद्या कोणी कढई मांडेल. तेव्हा एवढंच करा. हात घालण्याआधी काडी घाला.