दोन इंची पाइप

माझा मेहुणा प्लंबर आहे. मागे एकदा व्हेंटच्या, म्हणजे हवा जायच्या, पाइपासाठी त्याने तुळईच्या खालच्या कडेलाच खाच मारली होती. तुळईचा सगळा जीव त्या कडेत असतो, हे त्याला कोण सांगणार! म्हणून सासूबाईंसाठी वरच्या खोलीला बाथरूम काढायचं ठरलं, तेव्हा मी चारचौघांत सुनावलं, "लाकडाला तू हात लावायचा नाहीस. सुतार मी आहे." तेव्हापासून बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते.

"पाइप किती इंची?" कामाच्या दिवशी मी मेहुण्याला विचारलं.

"दोन."

मी पाच तुळयांत पाच भोकं पाडली, सगळी मधोमध, दोन इंचांची. पाइप लावला तर आत जाईना!

"भाऊजी, दोन इंच हे आतलं माप. बाहेरून तो जवळजवळ अडीच भरतो."

"मग आधी तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"आमच्यात असंच सांगतात."

आमच्यात म्हणे! तो गाडीतून काहीतरी आणायला गेला. भोक मोठं करायचं तर ड्रिलच्या टोकाला रुतायला मध्ये लाकूडच उरलं नव्हतं. चिडून पटाशी घेतली, शेवटच्या तुळईत घाव घातला, आणि ढलपी थेट खालच्या कडेपर्यंत उडाली.

मेहुण्याने आल्यावर पाहिलं. ड्रिलला लावायच्या मोठ्या, वाटीसारख्या गोल पात्याच्या आत त्याने दोन इंची पातं बसवलं. आतलं जुन्या भोकात अडकलं, बाहेरचं सरळ कापत गेलं. दहा मिनिटांत चार तुळया! मी नुसता चडफडत राहिलो.

तेवढ्यात बायको वर आली. पाचवी तुळई बघून किंचाळली, "हे कोणी केलं?"

"मीच गं ताई. घाई झाली."

ती त्याच्यावर तुटून पडली. "हे म्हणत होते तेच खरं! आई झोपणार आहे या खोलीत!" तो मान खाली घालून ऐकत होता. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी सुटलो असतो. पण मला त्याचा असा काही संताप आला!

"पटाशी मी चालवली," मी ओरडलो. "आणि तुला रे कोणी सांगितलं होतं खोटं बोलायला?"

"मी काय, संध्याकाळी निघून जाणार, भाऊजी," तो म्हणाला. "तुम्हाला इथेच राहायचंय."

मला लाज वाटली. तुळईला जोड द्यायचं लाकूड एकट्याने उचलत नाही. मी एक टोक धरलं आणि तो दुसरं धरेपर्यंत थांबलो.