एका वातीपुरती हवा

मंगळावरची संध्याकाळ निळी असते. दिवसभर ताम्रधुळीने माखलेले आकाश हळूहळू निवत जाते, आणि मावळत्या, लहानग्या सूर्याभोवती एक मंद नीलप्रभा उमलते. तांबडे पाषाण, तांबडे पर्वत, तांबडी मूक मैदाने. आणि त्यांच्यावर ती क्षणजीवी निळाई. हे सौंदर्य काचेआडूनच पाहायचे. बाहेर श्वास नाही.

श्वास इथे पिकवावा लागतो. ग्रहाची विरळ, विषारी हवा यंत्रे ओढून घेतात, धगधगत्या भट्टीत तापवतात, फोडतात, आणि तिच्यातून प्राणवायू वेगळा काढतात. अदृश्य, निर्गंध, निराकार प्राण! तो नळांतून घरोघर वाहतो, आणि निजलेल्या लेकरांची छाती वरखाली होते.

त्या भट्टीच्या तोंडाशी शेवंताबाई उभी असे. हवेबरोबर धूळ येई, जाळ्यांत अडके. ती जाळ्या झाडी. रोज झाडी. तांबडी धूळ पापण्यांवर, तांबडी धूळ ओठांवर, तांबडी धूळ श्वासात. धड मुखवटा द्या म्हणून सांगून सांगून ती थकली. साऱ्या वस्तीला श्वास पुरवणाऱ्या त्या बाईला शेवटी स्वतःचा श्वास पुरला नाही. सांगताना संताप येतो, आणि यायलाच हवा.

ती गेली, तेव्हा तिची लेक रोहिणी वसाहतप्रमुख सरदेसाईंपुढे उभी राहिली.

"साहेब, आई गेली त्या जागी दिवा लावायचाय. दहा दिवस. एकच वात."

"भावना कळतात गं मला. पण ज्योत हवा खाते. वस्तीत आग पेटवायची नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. विजेचा लाव की."

रोहिणीने विजेचा लावला. शेवंताबाईने जिथे प्राण सोडला, तिथे तो थंड, शुभ्र, निश्चल उजेड पडून राहिला. त्याला ना ऊब, ना थरथर. तिला त्याच्याकडे पाहवेना.

दहावा दिवस उजाडला, आणि नेमके त्याच दिवशी नव्या भट्टीचे उद्घाटन होते. पृथ्वीवरून पाहुणे आले होते. मंचावर पितळी समई होती; सुवर्णकांती, पंचमुखी, तेलाने तुडुंब. सरदेसाईंनी पाहुण्यांच्या हाती जळती मेणबत्ती दिली. टाळ्यांच्या कडकडाटात पाच वाती पेटल्या.

पाच! शुभकार्यात ज्योत हवा खात नाही वाटते? की खुर्चीवाल्यांची हवा वेगळ्या नळाने येते? "इथला एकेक श्वास मोलाचा आहे," पाहुणे म्हणाले. पुन्हा टाळ्या. शेवंताबाईचे नाव कुणाच्याच तोंडी आले नाही.

रोहिणी उठली. मंचावर चढली.

"अगं, खाली उतर," सरदेसाई दबक्या आवाजात म्हणाले.

तिने एक वात बोटाने तेलात ओढली. विझली. दुसरी ओढली. तिसरी. चौथी. चटके बसत होते, हात मागे येत नव्हता. एक उरली. मग दोन्ही हातांनी ती जड समई तिने फिरवली, आणि त्या वातीचे तोंड दक्षिणेला केले.

दक्षिणमुखी, एकाकी वात कुणासाठी जळते, हे पृथ्वी सोडली तरी कुणी विसरले नव्हते. उद्घाटनाची समई आता सुतकाची झाली होती.

"विझवायची तर विझवा, साहेब," रोहिणी म्हणाली. "पण सगळ्यांसमोर विझवा."

मग मागच्या रांगेतले भट्टीवाले उठले, धुळकट हात जोडून उभे राहिले. त्यांचे पाहून बाकीच्या रांगा उठल्या. शेवटी, दुसरा इलाजच उरला नाही म्हणून, सरदेसाईंनी गळ्यातला हार उतरवला.

ज्योत हवा खात होती. शांतपणे, सावकाश, साऱ्यांच्या देखत. शेवंताबाईच्या हातची हवा, शेवंताबाईच्या वाटची हवा, दक्षिणेकडे पाहत, ज्योत खात होती.