डब्यात मावेल एवढं

"जपून धर. शहामृगाचं अंडं हाय. फुटलं तर शहामृग काय दौंडला परत घालाया यायचा न्हाई."

शमुवेलने अंडं पुतणीच्या ओंजळीत ठेवलं आणि काचेच्या कपाटाशेजारी मोठ्या ऐटीत उभा राहिला. कुरकुंभच्या कंपनीत बॉयलरवर जन्म काढलेल्या या माणसाला सगळं दौंड 'अजबवाले शमुवेल' म्हणून ओळखायचं आणि ती ओळख त्याला नोकरीपेक्षा प्यारी होती. आता पुण्यातलं एक कॉलेज आपल्या नव्या संग्रहालयात हे कपाट मांडणार होतं. वर पाटी लागणार होती, 'शमुवेल गायकवाड संग्रह'. त्या पाटीच्या स्वप्नात तो दाढीसुद्धा रोज करायला लागला होता. पाटीवर काय लिहायचं ते ठरवायचं काम पुतणीकडे, जेसिकाकडे होतं. ती त्याच कॉलेजात शिकत होती.

"काका, हे अंडं दिलं कुणी?"

"प्रेमाच्या मावसबहिणीचा जावई बोटीवर हाय. त्यानं आनलं."

"आणि हा वाळलेला समुद्रघोडा?"

"प्रेमाचा भाऊ. रत्नागिरीला बदली झालती त्याची, तवा."

"ही गारगोटी?"

"शिरूरच्या मुक्ताबाई. प्रेमाची शाळंतली मैत्रीण. हिर खांदताना घावली त्यांला."

"सगळी काकूचीच माणसं?"

"मग? बायकोचे सोयरे ते माझेच की!"

जेसिका हसली. "चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले साहेब अशीच कपाटं भरायचे, काका. मगरी, शिंगं, शंख. नाव राहिलं मालकाचं. पण वस्तू आल्या कुठून हे शोधायला गेलं की निघतो कुणाचा मेहुणा, कुणाची विधवा मावशी. माझ्या अभ्यासात मी त्या सोयऱ्यांच्याच मागावर आहे."

"म्हंजी साहेबबी माझ्यासारकाच येडा व्हता म्हन की!" शमुवेल भलताच खूश झाला.

जेसिका मात्र कपाटाकडे बघतच राहिली. "यात मोठं काहीच कसं नाही? एक शिंग नाही, मोठं हाड नाही. अंड्यापेक्षा मोठी एकही वस्तू नाही."

शमुवेलच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि शेवटची वस्तू कधी आली?"

"प्रेमा व्हती तवा. आता कोन आनतंय? लोक मोबाइलात अजब बघत्यात."

बायको गेल्यापासून तो हेच सगळ्यांना सांगत आला होता. आज बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते पटेना. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की चैन पडू न देणारा त्याचा स्वभाव. सकाळी उठून त्याने शिरूरची एसटी धरली.

मुक्ताबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी चहा सांगितला, गुडघ्यांची चौकशी केली. शमुवेलला कुठला धीर!

"मुक्ताबाई, ती गारगोटी तुम्ही मला का दिली व्हती?"

"तुम्हाला कुठं दिली, दाजी?" मुक्ताबाईंना हसू आलं. "नाताळात प्रेमाचा करंज्यांचा डबा यायचा. डबा रिकामा कसा लावून द्यायचा? आम्ही साखर घालायचो. तर ती म्हनली, साखर नको, आमच्या मालकांसाठी कायतरी अजब घाल. भावाला, भनीला, समद्यांला तेच सांगायची."

आपली कीर्ती ऐकून लोक वस्तू पाठवतात, असं शमुवेल जन्मभर समजत आला होता. परत आलेला डबा कधी त्याच्या नजरेलाच पडला नव्हता. प्रेमा वस्तू पुसून, पदराखाली लपवून आणायची आणि म्हणायची, "वळखा बरं, काय आलंय?" त्याला तिची इतकी आठवण आली की समोरचा चहा उचलवेना.

मुक्ताबाई आत गेल्या आणि स्टीलचा एक डबा घेऊन आल्या. घासून लख्ख ठेवलेला.

"ह्यो तिचा शेवटचा. डबा आला आन् पंधरवड्यात ती गेली. रिकामा द्यायचा न्हाई, आन् भरून द्यायचा तर कुनाला? म्हनून राहिला." त्या काही घालायला मिळतंय का म्हणून इकडेतिकडे पाहू लागल्या.

"राहू द्या. रिकामाच न्हेतो," शमुवेल म्हणाला. "ह्यात घालायचं ते समदं माझ्या घरी येऊन पडलंय."

आठवड्याने कॉलेजचा टेम्पो आला. शमुवेलने अंडं बाजूला सरकवून मधल्या फळीवर डबा ठेवला. डब्याच्या अंगावर भांडेवाल्याने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. ते त्याने पुढे येईल असं वळवलं.

"पाटीवर हेच लिही."

जेसिकाने वाकून वाचलं, 'सौ. प्रेमा शमुवेल गायकवाड'. "काका, 'सौ.'च लिहू? काकू तर..."

"हाय तसंच लिही."

माणसं कपाट गुंडाळायला पुढे झाली. एकाने डब्यावर झाकण बसवलं. शमुवेलने ते काढून घेतलं.

"ह्ये हितंच राहू द्या," तो म्हणाला. "डबा उगडा असू दे. येनाऱ्या-जानाऱ्याला कायतरी घालावं वाटंल."

टेम्पो गेला. झाकण हातात घेऊन तो दारातच उभा राहिला.