गुणाबाईचा धवला

सासूबाईंच्या धवल्यांची वेबसाइट विनिताने एकटीने उभी केली होती. भिवंडीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची. सासूबाई, म्हणजे जानकीबाई, लग्नात हळदीला धवले, लग्नाची जुनी गाणी, म्हणायच्या, ते तिने हॅन्डीकॅमवर टिपले, फाइली बारीक केल्या आणि वेबसाइटवर चढवले. दापोड्यात, त्यांच्या गावात, तिचं नाव झालं. कुवेतला गेलेली पोरंही धवले बघायची.

अडचण त्यातूनच आली. जितके लोक बघणार तितका डेटा खर्च होणार, आणि वेबसाइटला जागा देणाऱ्या ठाण्याच्या होस्टिंगवाल्याने तो महिन्याला ठराविकच दिलेला. पंधरा तारीख उलटली की वेबसाइट बंद. त्याने तिप्पट पैशांचा प्लॅन सांगितला. विनिताने आणखी चार ठिकाणी विचारलं, सगळीकडे तेच. २००७ साल होतं ते.

एकदा जेवताना धाकट्या जावेने, मृणालीने, सहज सांगितलं, "ताई, व्हिडिओ आपल्या जागेवर ठेवूच नका. फुकट ठेवायच्या साइट निघाल्यात. तिकडे चढवायचा आणि त्यांचा कोड आपल्या पानावर चिकटवायचा."

मृणालीला या घरात येऊन सहा महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी तिने एक धवला लावून दाखवला. आठवड्याभरात सगळे लागले. महिनाअखेरीसही वेबसाइट चालूच.

"एवढं सोपं होतं, तर वर्षभर तुला कसं नाही सुचलं?" मनोजने बायकोला विचारलं. तो हसत बोलला होता, पण विनिताला ते झोंबलं. त्या दिवसापासून धवल्यांचं पान तिने उघडलंच नाही. शेजारणी मृणालीचं कौतुक करू लागल्या की ती आत निघून जायची.

मग मृणालीने हॅन्डीकॅमच्या मूळ कॅसेटी मागितल्या. आता जागेची चिंता नव्हती, तेव्हा चित्र आणखी स्वच्छ लावता आलं असतं.

"त्यांच्यावर गणपतीचं शूटिंग झालं, जुनं पुसलं गेलं," विनिता म्हणाली. कॅसेटी तिच्या कपाटात, साड्यांखाली होत्या.

मृणालीने विश्वास ठेवला. विनिताला वाटलं, बरं झालं. आणि लगेच वाटलं, आपण एवढ्या हलक्या कधी झालो?

दिवाळीनंतर जानकीबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. गुणाबाई ही त्यांची धवल्यातली जोडीदारीण. उन्हाळ्यात ती वारली होती. दोघींनी मिळून म्हटलेला एक लांबलचक धवला विनिताने टिपला होता, पण मोठा म्हणून वेबसाइटवर कधी लावलाच नव्हता.

"गुनाबायचा गाना लागला न्हाय गो अजून," सासूबाई म्हणाल्या. "तो हाय ना तुझ्याकडं?"

विनिताला त्यांच्याकडे बघवेना. तिने कपाट उघडलं, कॅसेटी काढल्या आणि मृणालीच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

"सापडल्या," ती म्हणाली.

मृणालीने कॅसेटींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गणपतीच्या शूटिंगचं नावही न काढता तिने पहिली कॅसेट उचलली.

दोन दिवसांनी जानकीबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडद्यावर गुणाबाई मान हलवत गात होती, आणि इकडे जानकीबाई तिच्या आवाजात आवाज मिसळत होत्या. विनिताने कित्येक महिन्यांनी ते पान पाहिलं. प्रत्येक धवल्याखाली मृणालीने लिहिलं होतं, "चित्रण व संकलन : सौ. विनिता". अगदी सुरुवातीला लावलेल्या धवल्यांखालीही.

तिला लाज वाटली. पण मत्सर गेला म्हणावं, तर तसंही नाही. जाऊ हुशार होती तेवढंच पुरे होतं, वर ती मनानेही मोठी निघाली.

"मला हे चढवायचं शिकव," एका दुपारी विनिता म्हणाली. एवढं वाक्य तोंडातून काढायला तिला आठवडा लागला होता. मृणालीने खुर्ची सरकवून जागा केली आणि शिकवायला लागली. शिकवताना तिचाच एक कोड चुकला, पान कोरं दिसलं. चूक कुठे आहे ते विनिताने दाखवलं, आणि मनातल्या मनात तिला फार बरं वाटलं.