अठरावी ओळ

शिवलिंगप्पा जॅकार्ड मागाची कार्डं तोडायचा, म्हणजे भोकं पाडून तयार करायचा. पुठ्ठ्यात जशी भोकं पाडावीत तशी फुलं चादरीवर उठतात. वर्षभरात त्याच्या सात चुका झाल्या होत्या; कापड तपासणारा मीच, तेव्हा आकडा पक्का. मालकांनी बजावलं होतं, आठवी झाली की घरी. निवृत्तीला दोन वर्षं बाकी.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात अक्कलकोटचे नागप्पा मास्तर वर्गात टांगायला चादर करून मागायला आले. एकाला सातानं भागायचं, जो आकडा येईल तितकी फुलं एकेका ओळीत. पाटीवर त्यांनी दाखवलं: एक, चार, दोन, आठ, पाच, सात, पुन्हा एक, चार...

"सातानं भागताना बाकी एक ते सहाच उरणार," मास्तर म्हणाले. "एखादी बाकी परत उरली की पुढचं सगळं मागच्यासारखंच."

"म्हंजे माझ्या माळेवानीच की!" शिवलिंगप्पा खूश. सहा ओळींची कार्डं ओवायची, टोकाला टोक बांधायचं. माळ फिरते, नक्षी परत येते.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला माग लागला. चारला मालक बघायला येणार. मी ओळी मोजल्या. एक, चार, एक, चार, दोन, एक, तीन.

"काय शिवलिंगप्पा, आठवी का ही?"

"तीन फुलांचं कार्ड मी तोडलंच न्हाय, अण्णा. आईच्यान."

खरं होतं. त्या सहा आकड्यांत तीन नाही, सहा नाही, नऊ नाही. कापडावर तिन्ही होते. सतरा ओळी, शेवटची रिकामी. नक्षी फिरली कुठं, ते बोट लावून शोधलं. कुठंच नाही.

शिवलिंगप्पानं वर पाहिलं आणि झटक्यात माग बंद केला. टोकं बांधायचीच राहिली होती. सगळी माळ केव्हाच घसरून खाली ढीग होऊन पडली होती.

"मग इतका वेळ कशावर चाललं हुतं?"

"आधी गाठ मार," मी म्हटलं आणि ते कापड कापून घेतलं.

माग पुन्हा लागला. पहिल्या ओळीत चार फुलं. मग मात्र शहाण्यासारखं एक, चार, दोन, आठ, पाच, सात. मालक आले तेव्हा ती पहिली ओळ मी दुमडून अंगठ्याखाली धरली होती. "बरं झालंय," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी कापलेला तुकडा मास्तरांना दाखवला. ते बराच वेळ पाटीवर ताडून बघत होते.

"हे दोनाचं वर्गमूळ. हे कुठल्याच भागाकारातून येत नाही. संपत नाही, आणि फिरूनही येत नाही. याच्यापुढं चार."

दुमडलेल्या ओळीबद्दल मी त्यांना बोललोच नव्हतो.

दुसऱ्या सकाळी माग लागताच आधी आठ फुलांची ओळ. शिवलिंगप्पानं गुपचूप कापली. तिसऱ्या सकाळी पुन्हा आठ.

"परत आली बघा, अण्णा! आता फिरंल की!" अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला चहा पाजला.

चहा पिऊन मी मास्तरांकडं गेलो. आठ, आठ, पुढं काय? त्यांनी पाटी भरून आकडेमोड केली आणि खाली शून्य काढलं.

चौथ्या सकाळी ओळ रिकामी आली.

शिवलिंगप्पानं तिच्यावरून हात फिरवला आणि कात्री घेतली. "दोन वर्साच्या किती हुतील, अण्णा?"

सुट्ट्या सोडून मी त्याला आकडा सांगितला. त्यानंतरच्या कोण कापणार, हा विषय दोघांनीही काढला नाही.