पाणी न पिणाऱ्या मेंढ्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे, पण माझ्याने टीव्हीचा आवाज कमी-जास्त होत नाही. आमच्या श्रीधररावांनी पहिल्या दिवशी तसा प्रयत्न बराच वेळ करून पाहिला. मी व्हिडिओ गेमचा रिमोट आहे. मला धरून हात फिरवला की पडद्यावरचा माणूसही हात फिरवतो. निदान त्याने फिरवावा, अशी अपेक्षा असते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पांढरंशुभ्र अंग मिळालं, पोटात दोन पेन्सिल सेल मावतील एवढी जागा मिळाली आणि काळजाच्या ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा मिळाला. हात कुठे वळला आणि किती जोरात वळला, हे त्या तुकड्याला कळतं. निघताना माझ्या शेपटीला एक दोरी बांधली. ती खेळणाऱ्याने मनगटात अडकवायची, म्हणजे मी सुटून कुणाच्या कपाळात बसत नाही.

माझं काम मात्र विचित्र आहे. खेळणारा मला साफ विसरला, आपल्या हातात तलवारच आहे असं त्याला वाटलं, की मी पास. त्याला मधेच माझी आठवण झाली की मी नापास. इतर वस्तू आपल्याला कुणी विसरू नये म्हणून झुरतात. मला विसरलं जावं म्हणून मी जीव तोडत होतो.

मी आलो तो औरंगाबादच्या सातारा परिसरातल्या एका नव्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. सोसायटीभोवती आधी शेतं होती, मग खड्डे झाले, मग खड्ड्यांतून इमारती उगवल्या. पाऊस नसताना जोमाने आलेलं त्या भागातलं ते एकमेव पीक. घरात चौघं होते. श्रीधरराव विम्याच्या कचेरीत, सरोजिनीताई कॉलेजात गणित शिकवायच्या, थोरली नीरजा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि धाकटा मिहिर दहावीला.

पहिली दोन वर्षं माझी फार कौतुकाची गेली. संध्याकाळी हॉलमध्ये टेनिस चालायचं, तलवारबाजी चालायची. शेजारी बघायला यायचे. माझ्यामुळे एक ट्यूबलाइट गेली, तरी सगळे हसले. मला वाटलं, आयुष्य असंच जाणार.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, आणि दुसऱ्या वर्षीही त्याने तोंड दाखवलं नाही. जायकवाडीचा तळ दिसायला लागला. आमच्या सोसायटीला नळ होते, पण त्यांच्यामागे पाइपलाइन नव्हती. कडूबा नावाचा टँकरवाला आधी दिवसाआड यायचा, मग चौथ्या दिवशी यायला लागला. घरात माणशी अर्धी बादली ठरली. सरोजिनीताई गणिताच्या बाई. त्यांनी दोन दिवस निरीक्षण करून निकाल लावला.

"हा रिमोट बंद. हा खेळलात की तुम्हाला घाम येतो. घाम आला की अंघोळ लागते. बटणांचं काय ते खेळा बसून."

मित्रांनो, माझ्यावर बरेच आरोप होतील याची मला कल्पना होती. पण दुष्काळात पाणी जाळतो, हा आरोप माझ्या कारखान्यातल्या कुणाच्या स्वप्नातही आला नसेल.

मिहिरला याचं दुःख झालं नाही. त्याला बटणंच आवडायची. "खरं सांगू का ताई, हा हलवायला लागलं की मला आठवतं की मी हॉलमध्ये चड्डीवर उभा आहे. बटणांवर अंगठे आपोआप चालतात. मी गेममध्ये पार बुडून जातो."

"अंगठ्याने कुणी तलवार चालवतं का?" नीरजा म्हणायची. "अख्खा हात फिरला की अंगाला पटतं. अंगाला पटलं की माणूस बुडतो."

त्या वर्षी बुडायला शहरात दुसरं काही नव्हतं, म्हणून हा वाद रोज चालायचा. मी ड्रॉवरमधून ऐकायचो. माझ्या काळजात एव्हाना दोष शिरला होता. हात उजवीकडे फिरला की मी क्षणभर थबकायचो आणि मग सांगायचो. हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वाद नीरजाने जिंकावा म्हणून मी तळमळत होतो, आणि मला बाहेर काढून बघू नये म्हणूनही.

शेवटी दोघांचं ठरलं की जन्मात कधी गेम न खेळलेला माणूस आणायचा आणि बघायचं. असा एक माणूस रोज दुपारी आमच्या घरी यायचा. ते मुंजाबाकाका, सोसायटीचे वॉचमन. त्यांच्या खोलीत प्लग नव्हता, म्हणून ते मोबाइल आमच्याकडे चार्जिंगला लावायचे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळ. पाचोडच्या अलीकडे त्यांची वस्ती. सोसायटीचे चेअरमन साहेबराव यांनी त्यांना ही नोकरी दिली होती आणि ती पक्की होती. तिकडे बायको म्हाळसाबाई आणि अठ्ठावीस मेंढ्या होत्या. त्यांच्या मोबाइलचा कानाचा भाग बिघडलेला, त्यामुळे बोलणं स्पीकरवर चालायचं आणि सगळं घर ऐकायचं.

त्या दिवशी फोन आला तो असा.

"हिरीनं तळ दाखिवला," म्हाळसाबाई म्हणाल्या. "छावणीवर गेले तर म्हनं गुरं घेतो, मेंढरं नाय घेत. बेपारी येऊन बसलाय. बाजाराला समदी घिऊन जातो म्हनतो. व्हय म्हनू का नाय म्हनू?"

"सांगतो."

"परवा बी सांगतोच म्हनले व्हते."

"आज सांगतो म्हनलं ना. सांजच्याला."

"माझा गुडघा वळंना. मला एकलीला ही हिंडिवनं व्हत नाय. तुमी तिकडं गेट उघडा, गेट लावा."

फोन ठेवून मुंजाबाकाका भिंतीला टेकून बसले. संध्याकाळपर्यंत त्यांना एक शब्द बोलायचा होता आणि तो कोणता, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"काका, एक मेंढ्यांचा गेम आहे," मिहिर म्हणाला. "खेळता का?"

सरोजिनीताई आतून म्हणाल्या, "तो रिमोट बाहेर काढू नका."

"आई, मुंजाबाकाकांना घाम आला तरी ते आपल्याकडे अंघोळ करत नाहीत."

यावर सरोजिनीताई दारात येऊन मिहिरकडे इतका वेळ बघत राहिल्या की तो चुळबुळायला लागला. मग त्या परत गेल्या. ही परवानगी धरण्यात आली.

तो गेम असा होता. हिरवागार डोंगर, त्यावर मेंढ्या, मधून वाहणारी नदी, एका बाजूला कडा. खेळणाऱ्याच्या हातात काठी. काठी फिरवून मेंढ्या वळवायच्या आणि सूर्य मावळायच्या आत कुंपणाच्या वाड्यात कोंडायच्या.

नीरजाने माझी दोरी त्यांच्या मनगटात अडकवली. त्यांनी ती काढली.

"काठी हाताला बांधत नसत्यात ताई. एखादी मेंढी एका अंगाला पळाली तर काठी फेकावी लागती. मेंढीला लागू द्यायची नाय. तिच्या म्होरं टाकायची, मंग ती दचकून माघारी वळती."

"काका, इथं फेकायची नाही, नुसती हलवायची."

"नाय फेकत."

आणि मित्रांनो, त्यांनी मला हातात घेतलं. मला आजवर पुष्कळ हात लागले होते. पण सगळे मला रिमोट समजून धरायचे. ह्या हाताने मला एकदाही तसं धरलं नाही. मनगट जरासं वळलं, आणि डोंगरावरचा अख्खा कळप एका बाजूला झुकला. मुंजाबाकाका टाळूला जीभ लावून टकटक करत होते, "हिर्र, हिर्र" करत होते. पडद्यावरच्या मेंढ्यांना कान नव्हते, हे त्यांना सांगायला कुणी धजलं नाही. दोन मिनिटांत मी विसरला गेलो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे क्षण, आणि त्यात मी हजर नव्हतो.

मग त्यांनी मेंढ्या वाड्याकडे न नेता नदीवर नेल्या.

"काका, इकडे नाही, वाडा तिकडे आहे," मिहिर म्हणाला.

"पानी पाजू दे की आधी."

"त्या पीत नाहीत."

"पान्यावर आल्यावर पीत नाय अशी मेंढी आसती का?"

कळप काठावर उभा राहिला. नदी खळाळत होती, पाणी इतकं निळं की टँकरने न्यावंसं वाटावं. मुंजाबाकाकांनी हात खाली घेतला आणि वाट पाहिली. मेंढ्यांनी माना खाली घातल्या नाहीत. ज्यांनी तो गेम बनवला त्यांनी मेंढ्यांना उड्या दिल्या होत्या, लोकर दिली होती, डोळे मिचकावणं दिलं होतं. तहान द्यायची राहून गेली होती. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. पडद्यावरचा सूर्य उतरायला लागला.

"का गं," मुंजाबाकाका हळूच म्हणाले, "पी की. पी, माय."

तेवढ्यात पुढची एक मेंढी बिचकली आणि कड्याकडे पळाली. त्यांनी मला उजवीकडे फिरवलं, अगदी बरोबर. आणि मी थबकलो. मी जीव तोडून सांगत होतो, उजवीकडे, उजवीकडे, पण माझं सांगणं पडद्यापर्यंत पोचेपर्यंत ती कड्याच्या टोकाशी होती. त्यांनी पुन्हा फिरवलं. मी पुन्हा उशीर केला. त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. मेंढीवरचा उडाला नाही. त्यांनी मला फेकलं, मेंढीला लागणार नाही असं, बरोबर तिच्या म्होरं.

टीव्हीवर काळं जाळं पसरलं. मी फरशीवर पडलो, माझं पोट उघडलं आणि एक सेल सोफ्याखाली घरंगळत गेला.

"पडली का?" मुंजाबाकाकांनी विचारलं.

"काका, टीव्ही फुटला," मिहिर म्हणाला.

"मेंढीचं इचारतोय मी."

कुणालाच माहीत नव्हतं. पडदा काळा होता. मग त्यांच्या चेहऱ्यावरून डोंगर उतरला, हॉल दिसायला लागला, फुटलेला टीव्ही दिसला. ते खाली वाकले आणि सोफ्याखाली हात घालून सेल शोधायला लागले, जणू तो सापडला की सगळं जाग्यावर येणार होतं.

"बटणं असती तर टीव्ही वाचला असता," मिहिर पुटपुटला.

"बटणं असती तर काका दोन मिनिटांत उठून गेले असते," नीरजा म्हणाली. पण जिंकल्यासारखं तिच्या आवाजात काही नव्हतं.

श्रीधरराव कचेरीतून आले तेव्हा मुंजाबाकाका दाराबाहेर जिन्यात उभे होते, परत करायला म्हणून हातात शिट्टी आणि वॉचमनची टोपी. श्रीधररावांनी टीव्ही पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुंजाबा, टीव्हीचं राहू दे. साहेबरावांनाही मी काही सांगत नाही. अशा वर्षी पक्की नोकरी सोडू नकोस."

"टीव्हीचं नाय साहेब. त्या मेंढ्या काय केल्या पीत नव्हत्या. माझ्या, दिलं तर पित्यात."

आणि तिथेच जिन्यात त्यांनी फोन लावला.

"बेपाऱ्याला नाय म्हन."

"आन करू काय? आभाळाकडं बघत बसू?"

"मी निघालोय. खाली गंगेकडंनं नेऊ. डव्ह असंल कुठं ना कुठं."

"आन नोकरी?"

"तिला पानी लागत नाय."

"डोक्यावर पडलाव का काय तुमी?"

पलीकडून बराच वेळ नुसतं मेंढ्यांचं ओरडणं ऐकू येत राहिलं. मग म्हाळसाबाई म्हणाल्या, "धड चप्पल घालून या. चालायला लई हाय."

सरोजिनीताईंनी आपल्या वाटणीच्या पाण्यातून एक बाटली भरून त्यांच्या हातात दिली. ते कडूबाच्या रिकाम्या टँकरमध्ये बसून गेले.

पुढचं कडूबाने येऊन सांगितलं. पैठणच्या खाली गोदावरीच्या, म्हणजे मुंजाबाकाकांच्या गंगेच्या, कोरड्या पात्रातून तो कळप चालत राहिला. कुठे डोह सापडला, कुठे नाही. पाऊस आला तेव्हा अठ्ठावीसपैकी अकरा मेंढ्या उरल्या होत्या. सतरा वाटेत गेल्या. "लई रडला गडी," कडूबा म्हणाला. "पन अकरा हायेत म्हनतो." मिहिरने हे ऐकलं आणि उठून गच्चीवर गेला. सोसायटीला नवा वॉचमन आला, त्याला मोबाइल चार्ज करायला खोलीत प्लग मिळाला.

आता मी स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडून आहे. घरातले सगळे मला विसरले आहेत. विसरलं जाणं हेच माझं काम होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करावी ते कळत नाही. माझ्यामुळे माणूस खेळात बुडतो की खेळातून बाहेर फेकला जातो, हा वाद मला सुटलेला नाही. त्या दुपारी मी चुकलो हे खरं. पण मुंजाबाकाका खेळातून बाहेर पडले नाहीत. बाहेर पडलो तो मी.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्या घरात असेल तर ठेवून देताना त्याचे सेल काढा. सोफ्याखालचा सेल सापडल्यावर तो माझ्या पोटात परत बसवला, पण नंतर दोन्ही कुणी काढले नाहीत, ते पोटात फुटले आणि उरलेलं काळीजही खाऊन गेले. खेळताना दोरी मनगटात अडकवा. आणि एखाद्याने तरीही मला फेकलंच, तर लगेच टीव्हीकडे धावू नका. आधी त्याला विचारा, काय पडत होतं.