पश्चिमेची भिंत

मी एक जुना स्लॅब आहे. म्हणजे होतो, आता भिंत आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. ते काम आमच्या ठेकेदाराने पुरेसे केले आहे.

चाळीस वर्षे मी एका प्रसूतिगृहाचे छप्पर होतो. मग ते पाडले आणि एका दिवसात मी राडारोडा झालो. माझ्या ढिगाऱ्यावर बूट ठेवून ठेकेदार म्हणाला, "हा कचरा उचला. नव्या इमारतीला चहूकडून काच लावा. लोकांचे डोळे दिपले पाहिजेत!" बाळंतिणी डोळे दिपवून घ्यायला येतात, हे ज्ञान मला तेव्हाच झाले.

त्याच्याकडच्या इंजिनिअर बाई मात्र अडून बसल्या. "साहेब, पश्चिमेला बाळांची खोली आहे. काचेमागे दुपारी भट्टी पेटेल. याच मालाची खडी करून पोकळ ठोकळे पाडू, दुहेरी भिंत बांधू. खोली गार राहील, वीजही कमी लागेल."

"भंगारातून दवाखाना? लोक हसतील."

"हसू देत. एवढी एक भिंत द्या. फसली तर मी नोकरी सोडते."

यंत्राने मला भरडले, चाळले, धुतले. सिमेंटमध्ये कालवून माझे ठोकळे पाडले, त्यांची ताकद तपासली. मी पास झालो आणि बाळांच्या खोलीची पश्चिमेची भिंत म्हणून उभा राहिलो. ठेकेदाराची तपासणी कुणी केली नाही, हे त्याचे नशीब.

पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली. जनरेटरवर फक्त गरजेची यंत्रे चालली, एसी बंद पडले. काचेच्या खास खोलीत ठेकेदाराची लेक बाळंत झालेली होती. तिचे तीन दिवसांचे बाळ लालबुंद झाले, दूध ओढेना. नर्सने त्याला उचलले आणि धावत माझ्या खोलीत आणले, मागोमाग लेकही आली. तासाभराने ते दूध प्यायले आणि झोपले.

ठेकेदार घामाने थबथबून आला. त्याने माझ्यावर तळहात टेकवला. "गार आहे गं!" जणू हा शोध त्यानेच लावला. वर छाती फुगवून लेकीला म्हणाला, "बघ, बाबांनी कशी भिंत बांधलीय!"

लेकीने मान वर केली. "ही इंजिनिअर बाईंनी बांधलीय, बाबा. तुम्ही बांधलेल्या खोलीतून तर आम्हाला बाळाला घेऊन पळावं लागलं."

त्याने माझ्यावरचा तळहात हळूच काढून घेतला. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, उद्या तुम्हीही घरे पाडाल, बांधाल. पाडलेले फेकण्याआधी एकदा नीट तपासा. आणि भिंत बांधताना, रस्त्यावरून ती कशी दिसेल हे मागाहून बघा. आत कोण झोपणार आहे, ते आधी विचारा.